परिचारिकांनी राजकारणात आणि आरोग्य धोरणात सहभाग घ्यावा का?

रुग्णसेवा हेच परिचारिकांचे काम असल्याने त्यांनी राजकारणापासून दूर राहावे का, असा आपला प्रश्न आहे. माझे उत्तर स्पष्ट आहे: दूर राहू नये. एका परिचारिकेकडे किती रुग्ण सोपवले जातात, रात्रपाळीत किती जणी असतात, कोणते औषध देण्याचा अधिकार तिला आहे, हे सारे कायदे आणि अंदाजपत्रके ठरवतात. आणि ज्यांनी कधी वॉर्डात पाळी केलेली नाही, तेच बहुधा ते लिहितात.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचे उदाहरण पाहा. तेथील परिचारिकांच्या संघटनेने अनेक वर्षे पाठपुरावा केल्यानंतर 1999 मध्ये रुग्णालयांसाठी परिचारिका-रुग्ण प्रमाणाचा कायदा संमत झाला आणि 2004 पासून तो अमलात आला. अतिदक्षता विभागात एका परिचारिकेकडे दोनपेक्षा अधिक रुग्ण देता येत नाहीत. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही क्रिमियन युद्धानंतर मृत्यूंची आकडेवारी मांडून लष्करी आरोग्यव्यवस्थेत सुधारणा घडवल्या, पण रात्री रुग्णांची पाहणी करताना त्यांच्या हाती असलेला दिवाच लोकांच्या लक्षात राहिला, याचे मला खरोखर वाईट वाटते.

निवडणूक लढवणे हा एकच मार्ग नाही. कायद्यांच्या मसुद्यांवर लेखी हरकती नोंदवणे, संघटनेत सक्रिय राहणे आणि वॉर्डातील नोंदी रुग्णाची ओळख उघड न करता लोकप्रतिनिधींपुढे मांडणे, हेही राजकारणच आहे. मात्र सरकारी सेवेत असल्यास सेवानियम आधी वाचावेत, कारण अनेक ठिकाणी पक्षकार्यावर बंधने असतात. रुग्णाच्या खाटेजवळ पक्षप्रचार तर कधीच करू नये.