सापडलेले १९ आणि न सापडलेले २२

प्रश्न : ताई, मी ५२ वर्षांची असून बँकेत अधिकारी आहे आणि पर्वरीला राहते. माझे बालपण वास्कोत, बाजारामागच्या एका चाळीत गेले. वडील मुरगाव बंदरात गोदी कामगार होते. १९८३ साली मी तिथल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून चौथी झाले. वर्गात आम्ही ४१ जण होतो. गेल्या वर्षी मी व्हॉट्सअ‍ॅपवर गट सुरू केला, त्यात १९ जण आले. सगळे किमान दहावी झालेले आहेत. बाकीचे कुठे हरवले ते कळत नाही. मी एका रिसॉर्टमध्ये दोन दिवसांचा मेळावा ठरवला आणि सगळा खर्च मी करीन, असे गटात कळवले. तो निरोप सोबत पाठवते आहे. होकार सहा जणांचाच आला. ज्या शेजारच्या मुलाबरोबर मी रोज शाळेत जात असे, ज्याच्या आईने माझ्या आईच्या आजारपणात महिनाभर आम्हाला जेवण दिले, तो बार्जवर खलाशी होता आणि खाणबंदीत त्याची नोकरी गेली. त्याने लिहिले, ‘तुम्ही मोठी माणसे, आम्ही कसले येतो.’ मला ते फार लागले. आणखी एक गोष्ट मनात सलते आहे. वर्गात बायण्याहून एक मुलगी येत असे. तिच्या आईविषयी मोठी माणसे जे बोलत ते ऐकून माझ्या आईने मला तिच्याशेजारी बसू नको म्हणून सांगितले आणि मी बाईंना सांगून जागा बदलून घेतली. ती आता वास्कोत फुले विकते, असे कळले आहे. मेळाव्यात सर्वांसमोर तिची क्षमा मागावी, असे मला वाटते. माझ्या सासरी आणि मुलांना मी चाळीविषयी कधी काही सांगितलेले नाही. मी काय करू?

उत्तर : तुमच्या मित्राच्या वाक्यातले ‘मोठी माणसे’ हे शब्द तुम्हाला लागले, मला मात्र त्यातला ‘तुम्ही’ अधिक बोलका वाटला. ज्या मुलाबरोबर चार पावसाळे एका वाटेने शाळेत गेलात, तो तेव्हा तुम्हाला ‘तुम्ही’ म्हणाला नसणार. हे अंतर त्याने निर्माण केले, अशी तुमची समजूत दिसते; पण कृपा करून तुम्ही पाठवलेला निरोप पुन्हा एकदा वाचा. त्यात जागा तुमची, तारखा तुमच्या, खर्च तुमचा, आणि ‘पैशांची काळजी कोणी करू नये’ हे वाक्यही तुमचेच आहे. तुमच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. परंतु ज्याला पैशांची काळजी आहे त्याला ते वाक्य चारचौघांत वाचावे लागले, आणि त्यावर त्याने काय उत्तर द्यायचे होते? येतो म्हटले असते तर तो दुसऱ्याच्या पैशाने येणारा ठरला असता आणि येत नाही म्हटले असते तर आखडू ठरला असता, म्हणून तुम्हाला मोठेपण देऊन तो स्वतः बाजूला झाला.

त्याच्यावर काय गुजरले असेल याचा अंदाज तुम्हाला इतरांपेक्षा अधिक यायला हवा. सप्टेंबर २०१२ मध्ये गोवा सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. ती एप्रिल २०१४ मध्ये उठते न उठते तोच फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा बंद पडल्या. मांडवी-झुवारीतून मुरगाव बंदराकडे खनिज नेणाऱ्या बार्ज नदीत नुसत्या उभ्या राहिल्या. पहिल्या वेळी तुमचा मित्र चाळिशीच्या उंबरठ्यावर होता, दुसऱ्या वेळी पंचेचाळिशीच्या आसपास. त्या वयाच्या खलाशाला नवे काम सहजी कोण देतो? खाणबंदीनंतर गोव्यात थकलेली कर्जे तुम्ही टेबलाच्या एका बाजूने पाहिली असतील. तुमचा मित्र किंवा त्याचा एखादा भाऊ कदाचित दुसऱ्या बाजूला बसला असेल. तुमच्या बँकेतच असे नव्हे, पण बँकेची माणसे म्हटल्यावर त्याला काय आठवत असेल, हे फोन उचलण्यापूर्वी क्षणभर मनात आणा.

आता न सापडलेल्या २२ जणांविषयी. ते कुठे हरवले ते कळत नाही, असे तुम्ही लिहिता. माझ्या मते त्यांतले बहुतेक पाचवीत हरवले. त्या काळी गोव्यातल्या गरीब घरचे मूल सरकारी शाळेत मराठीतून चौथी होई आणि पाचवीला माध्यमिक विद्यालयात गेले की त्याच्यासमोर बहुतेक सगळे विषय एकाएकी इंग्रजीतून येत. वास्कोसारख्या बंदराच्या शहरात तर मराठीही पुष्कळांच्या घरची भाषा नव्हती. कारवार, बेळगाव, विजापूर, आंध्र अशा ठिकाणांहून मजुरीसाठी आलेल्या कुटुंबांतली मुले घरी कोकणी, कानडी किंवा तेलुगू बोलत आणि मराठी शाळेत येऊन शिकत. ही शाळेची भाषा जिभेवर नीट बसण्याआधीच तिसरी येऊन उभी राही. ज्यांच्या घरी तुमच्या वडिलांसारखी बंदरातली कायम नोकरी होती, ती मुले पडत-झडत तगली. बाकीची एकदा-दोनदा नापास होऊन हॉटेलात, गॅरेजमध्ये, मासळीच्या कामावर किंवा कोणाच्या घरी भांडी घासायला गेली. त्या मुलांची बुद्धी कमी नव्हती, हे त्या वर्गात बसलेल्या तुम्हाला मी सांगायला नको. पाढे तुमच्यापेक्षा लवकर म्हणणारी दोन-तीन मुले तुम्हाला नक्की आठवत असतील.

म्हणून सापडलेले सगळे दहावी झालेले असावेत, यात नवल नाही. फेसबुक, हायस्कूलच्या बॅचचे गट, कचेरीतल्या ओळखी या ज्या वाटांनी आपण माणसे शोधतो, त्या वाटांवर दहावी झालेलीच माणसे भेटतात. तुम्ही निघालात चाळीतले बालपण पुन्हा भेटवायला आणि बोलावणे मात्र चाळीतून वर आलेल्यांनाच गेले.

उरलेल्यांना शोधायचे असेल तर वास्कोतच पायी फिरावे लागेल. मोटरसायकलवरून भाड्याने माणसे नेणाऱ्या पायलटांच्या थांब्यावर, मासळी बाजारात, मच्छीमारांच्या खारीवाड्यात विचारा. हजेरीपटावरचे नाव घेऊन विचारू नका, ते कोणालाच ठाऊक नसते. घरी हाक मारायचे ते नाव, वडिलांचे काम आणि चाळीचे नाव सांगा. तीस वर्षे एकाच थांब्यावर उभा असलेला पायलट तुम्हाला एका दुपारी चार जणांची ठिकाणे सांगेल. आणि जे भेटतील त्यांना लगेच गटात ओढू नका. चौथीनंतर ज्यांचा अक्षरांशी संबंध सुटला, त्यांना तुमच्या गटातले इंग्रजी अक्षरांत लिहिलेले मराठी वाचता येईलच असे नाही, आणि वाचता येत नाही हे ते सांगणारही नाहीत. ते फक्त गप्प राहतील आणि तुम्हाला वाटेल की त्यांना आस्था नाही. लिहिण्याऐवजी बोलून निरोप ठेवण्याची पद्धत तुम्ही स्वतः सुरू केलीत, तर त्यांतले काही बोलू लागतील, अशी माझी खात्री आहे.

तुमच्यासारखी चूक माझ्या हातूनही झाली आहे, म्हणून इतक्या मोकळेपणाने लिहिते. बारा वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले तेव्हा म्हापशातल्या माझ्या प्राथमिक शाळेच्या मैत्रिणींना एका हॉटेलात जेवायला बोलावले आणि माझ्या सोयीने शुक्रवार ठरवला. त्यांतली एक म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बसणारी होती. आठवड्याची तिची खरी कमाई त्या एका दिवसाची, हे मला लहानपणापासून ठाऊक होते, तरीही ते माझ्या डोक्यात आले नाही. ती बाजार सोडून आली आणि येताना घरच्या सोलांची, म्हणजे आमसुलांची, पिशवी घेऊन आली. मी ती पिशवी पुष्पगुच्छांच्या शेजारी ठेवली आणि निघताना पुष्पगुच्छ गाडीत घातले, पिशवी तिथेच विसरले. तिने ती पाहिली, उचलली आणि काही न बोलता घरी परत नेली. पुढच्या शुक्रवारी मी तिच्या पसाऱ्यासमोर जाऊन उभी राहिले, तेव्हा तिने मला सोलां वजन करून दिली आणि मोजून पैसे घेतले. त्यानंतर तिच्या घरी जाऊन, तिने केलेले जेवून, गणेश चवथीला तिने बांधलेली फळापानांची माटोळी पाहून, तिच्या तोंडून पुन्हा जवळिकीचे ‘गे’ ऐकायला मला दोन चवथी लागल्या. मेजवानी देऊन जे हातून गेले होते, ते तिची पाहुणी झाल्यावरच परत आले.

तेव्हा तुमच्या मित्राला आधी फोन करा, गटात काही लिहू नका. मेळाव्याचे नाव काढू नका आणि झाल्या प्रकाराची लांबण लावू नका. त्याची आई हयात असेल तर तिची चौकशी करा आणि तिला भेटायला यायचे आहे, एवढेच सांगा. हे खरेही आहे, कारण महिनाभराच्या त्या जेवणाचे ऋण तुम्ही आजवर बोलून दाखवलेले नाही. ती नसेल तर तेही त्याच्याकडून ऐकायला जा. जाताना जशा असता तशाच जा. मुद्दाम जुनी साडी नेसणे किंवा गाडी लांब ठेवून चालत जाणे त्याला लगेच कळेल आणि ते रिसॉर्टहून अधिक झोंबेल. त्याच्या घरी जे पुढे येईल ते पोटभर जेवा. मुलाच्या नोकरीचा किंवा कर्जाचा विषय निघाला, तर आनंदाच्या भरात होकार देऊ नका. हातून होण्यासारखे असेल तेवढेच सांगा आणि सांगितलेले करा.

सर्वांनी एकत्र यावे ही तुमची इच्छा मला मोडायची नाही, आणि त्यासाठी वास्कोत जागाही आहे. श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदर सप्ताह सुरू होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथीत लोकांनी जांबावलीहून श्री दामोदराचे श्रीफळ आणून ही परंपरा सुरू केली, असे सांगतात. अखंड दिवस-रात्र मराठी अभंग चालतात, वेगवेगळ्या व्यावसायिकांचे पार, म्हणजे मिरवणुका, वाजत-गाजत येतात आणि त्यानंतर फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार, कितीतरी दिवस राहते. लहानपणी तुम्ही सगळे तिथे होता. कोणाला बोलावणे लागले नव्हते आणि कोणी कोणाचा खर्च केला नव्हता. वर्गातली ख्रिस्ती आणि मुसलमान मुलेही फेरीत खाजे घ्यायला येत असणारच. फेरीच्या एखाद्या संध्याकाळी अमुक ठिकाणी आपण उभे राहू, एवढाच निरोप द्या. चहा-भज्यांचे पैसे जो तो देईल किंवा ज्याला द्यावेसे वाटतील तो देईल. ते त्याचे त्याला ठरवू द्या.

मात्र फुले विकणाऱ्या तुमच्या मैत्रिणीला सप्ताहाच्या दिवसांत गाठू नका. ते तिचे कमाईचे दिवस आहेत.

तिची क्षमा सर्वांसमोर मागण्याचा विचार कृपा करून सोडून द्या. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सरकारने जून २००४ मध्ये, ऐन पावसात, बायण्याची वस्ती पाडली, आणि ज्यांचा तिथल्या देहविक्रयाच्या धंद्याशी काही संबंध नव्हता अशा मजुरांच्या खोल्याही त्यात गेल्या. तिथून उठलेल्या माणसांनी दुसरीकडे घरे मांडली, मुलांची लग्ने केली, आणि पुष्कळांनी तो पत्ता पुन्हा कोणाला सांगितला नाही. तुमच्या मैत्रिणीने तिच्या सुनेला किंवा जावयाला काय सांगितले आहे, हे तुम्हाला माहीत नाही. तुम्ही सर्वांसमोर हात जोडाल तेव्हा तुमचे मन हलके होईल, आणि जे तिने चाळीस वर्षे जपून झाकले ते १९ जणांसमोर उघडे पडेल. नऊ वर्षांच्या मुलीने आईचे ऐकले, यासाठी मी तुम्हाला दोषी धरणार नाही. आता ५२ व्या वर्षी पुन्हा तिला विचारल्याशिवाय तिच्याविषयी काही ठरवू नका, एवढेच सांगते.

एखाद्या साध्या दिवशी, दुपारी गिऱ्हाईक कमी असते तेव्हा, एकट्याने तिच्याकडे जा. फुले घ्या, नाव सांगा, शाळेचे नाव सांगा. तिने ओळखले आणि बोलावेसे वाटले तर बसा. तिने नुसती मान हलवून गजरा बांधून दिला तर तो घेऊन परत या आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जा. बाकाची गोष्ट तिने काढली तर ‘हो, ते मी केले आणि ते वाईट होते’ असे सरळ सांगा. आईचे नाव पुढे करू नका. तिने काढली नाही तर तुम्हीही काढू नका. कदाचित तिला ती आठवतही नसेल आणि तुमच्याविषयी तिला दुसरेच काही आठवत असेल, तेही ऐकून घ्या.

हे सगळे करण्याआधी स्वतःच्या घरी मात्र बोला. उद्या तुमचा मित्र पर्वरीच्या तुमच्या दारात उभा राहिला आणि तुमच्या मुलीने ‘हे कोण?’ अशा नजरेने पाहिले, तर तो पुन्हा ‘तुम्ही’वर जाईल आणि मग तुमचा फोनही उपयोगी पडणार नाही. मुलांना एखाद्या रविवारी वास्कोला न्या, चाळ उभी असेल तर दाखवा, नसेल तर तिची जागा दाखवा, आणि आजोबा कोणत्या फाटकातून बंदरात कामाला जात ते सांगा. यजमानांना त्याआधी एकट्याने सांगा; इतकी वर्षे का सांगितले नाही असे ते विचारतील, तेव्हा लाज वाटत होती हे खरे उत्तर द्या.

रिसॉर्टला आगाऊ रक्कम दिली असेल तर ती परत मिळण्याची मुदत पाहून घ्या. होकार दिलेल्या सहा जणांना बेत रद्द झाल्याचे गटातून कळू नये, प्रत्येकाला फोन करून सांगा. ते थोडे नाराज होतील. त्यांनाही वास्कोत कोणाकोणाची घरे आठवतात ते विचारा. २२ जणांतल्या एखाद्याचे हाक मारायचे नाव त्यांच्याकडूनच मिळेल.