नऊ ठिकाणं आणि एकच दिवस: माझा सल्ला

शनिवारी सकाळी नऊला विमानानं एका अनोळखी शहरात उतरायचं, रविवारी पहाटे निघायचं, आणि मधल्या वेळासाठी चार कॅफे, पाच रेस्टॉरंट अशी नऊ ठिकाणांची यादी. तुम्ही दोघंच, त्यात नवऱ्याला शेंगदाण्याची ॲलर्जी. क्रम कसा लावू आणि काय गाळू, असं तुम्ही विचारलंय. कामाच्या निमित्तानं गेली बारा-तेरा वर्षं मी अनेक शहरांत असाच एकेक दिवस काढत आलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

नऊ होणार नाहीत. पाच होतील, आणि छान होतील. नवव्या दारापर्यंत पोचता येईल हो, पण तिथे ताट समोर आलं की नुसत्या वासानंही नको वाटेल. ज्यांनी ते मन लावून रांधलंय त्यांच्यावर तो अन्याय आहे, आणि तुम्ही तर त्यासाठीच एवढ्या लांब गेलेल्या असाल.

हिशेब पोटाचा आहे. साधं, फार तेलकट नसलेलं जेवण जठरातून पुढे सरकायला साधारण चार तास लागतात. तूप, लोणी, चीज, तळण असेल तर आणखी वेळ. सकाळी नऊ ते रात्री दहा हे तेरा तास. त्यात खऱ्या भुकेनं बसता येईल अशा बैठका तीन, आणि मध्ये दोन छोटे थांबे. तिन्ही बैठका भरपेट केल्या तर तेही जमत नाही. एक मोठी, दोन हलक्या.

मग ती मोठी कुठली हे आधी ठरवा. बाकी दिवस तिच्याभोवती आपोआप लागतो. ठरवायला एक जुनी पट्टी मला फार उपयोगी पडते. मिशेलिन ही टायर बनवणारी कंपनी. मोटारीनं फिरणाऱ्यांसाठी तिनं 1900 साली गाइड काढलं, 1926 पासून त्यात रेस्टॉरंटना तारे द्यायला सुरुवात केली, आणि 1936 मध्ये ताऱ्यांचा अर्थ छापला. एक तारा म्हणजे आपल्या प्रकारात उत्तम, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, आणि तीन म्हणजे खास तेवढ्यासाठी प्रवास करावा असं. ताऱ्यांचं सोडा, तुमच्या नऊ नावांपुढे हेच तीन प्रश्न लिहा. फक्त याच्यासाठी या शहरात आले असते का? याच्यासाठी वाट वाकडी करीन का? की वाटेत लागलं तर बघू? पहिल्या प्रश्नाला मनापासून ‘हो’ असं एकच नाव निघेल, फार तर दोन. तीच मोठी बैठक. तिसऱ्या गटातली सगळी नावं नकाशावर खूण करून सोडून द्या. पाऊस आला, पाय दुखले, कुठे रांग लागली तर ती कामाला येतात.

ही मोठी बैठक दुपारी ठेवा असं मी आग्रहानं सांगेन. रात्रीचं जेवण हेच खास, असं आपल्या मनात बसलेलं असतं. पण प्रवासाच्या दिवशी रात्री आठपर्यंत पाय थकलेले, डोळे जड, शिवाय पहाटेच्या विमानाची धाकधूक. दुपारी जीभ ताजी असते. बऱ्याच चांगल्या ठिकाणी त्याच स्वयंपाकघरातलं जेवण दुपारच्या ठरावीक मेन्यूत रात्रीपेक्षा स्वस्त मिळतं आणि टेबलही सहज मिळतं. तुम्ही वेगळ्या टाइम झोनमधून जाणार असाल तर आणखी एक कारण आहे. भुकेचं घड्याळ नव्या वेळेशी जुळायला दिवस जातात, त्यामुळे तिथल्या रात्री आठला तुमच्या पोटात मध्यरात्र असू शकते. निघण्याआधी तेवढं गणित करून बघा. पोटातली दुपार तिथल्या संध्याकाळी येत असेल, तर माझा सल्ला उलटा करायला हरकत नाही.

दुपारच्या बाबतीत मी एकदा मोठी चूक केली होती, ती तुमच्याकडून होऊ नये. एका जागेसाठी मी वर्षभर थांबले होते. त्या दिवशी सकाळी हॉटेलात ‘फुकट आहे’ म्हणून बुफेचा नाश्ता केला, दोनदा वाढून घेतला. भूक लागेना म्हणून निघायला उशीर केला आणि पावणेतीनला तिथे पोचले. दरवाजा उघडा होता, लोक जेवत होते, पण किचन अडीचलाच बंद झालं होतं. कॉफी मिळेल म्हणाले. ती पिऊन परत आले, त्याची रुखरुख अजून आहे. तेव्हापासून दोन गोष्टी पाळते. खोलीच्या भाड्यात नाश्ता असला तरी अशा दिवशी तो घेत नाही. आणि रेस्टॉरंट किती वाजता बंद होतं हे न विचारता शेवटची ऑर्डर किती वाजता घेता, हे विचारते. या दोन वेळांत तास-दीड तासाचं अंतर असू शकतं. नकाशावर दिसते ती बंद होण्याची वेळ, ऑर्डरची नव्हे. दोन दिवस आधी फोन करा किंवा निरोप पाठवा. त्याच फोनवर शनिवारी दुपारचं जेवण असतं का, हेही विचारा, कारण काही जागा शनिवारी फक्त रात्री उघडतात.

आता सकाळ. विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुतेक वेळा 20 टक्क्यांच्याही खाली. नाक सुकतं, आणि आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग वासाचा असतो. म्हणून उतरल्यावर आधी भरपूर पाणी, तोंड धुणं, थोडं चालणं, आणि मग पहिला कॅफे. तिथे एक कॉफी आणि बेकरीतलं काहीतरी एकच, दोघांत मिळून. साडेनऊ-दहाला एवढं खाल्लं की एक-सव्वाला भूक कडकडून लागते.

कॅफे चार आहेत म्हणून लिहिते. युरोपियन फूड सेफ्टी ऑथॉरिटीनं 2015 मध्ये निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालेल असं सांगितलं, गरोदरपणी 200. त्यांच्याच आकड्यांत 60 मिलीच्या एस्प्रेसोत साधारण 80 आणि 200 मिलीच्या फिल्टर कॉफीत साधारण 90 मिलिग्रॅम कॅफीन असतं. म्हणजे दिवसात चार लहान कप बेरजेत बसतात, पण मोठे किंवा डबल शॉटचे कप बसत नाहीत. खरी अडचण वेळेची आहे. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं शरीराबाहेर जायला साधारण पाच तास लागतात, कुणाला बरेच जास्त. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या 400 मिलिग्रॅम कॅफीननं लोकांची झोप तासाभराहून जास्त घटली होती. तुम्हाला पहाटे उठायचंय. म्हणून कॉफीचे दोनच कॅफे ठेवा, दुसरा दुपारी तीनच्या आत. तिसरा घ्यायचाच असेल तर संध्याकाळी तिथली खासियत असलेलं काहीतरी गोड मागवा आणि सोबत साधं पाणी. चौथा गाळा.

दुपारी टेबलावर बसल्यावर मेन्यू लगेच बंद करू नका. आधी विचारा, आज काय ताजं आलंय आणि काय संपलंय? या दुसऱ्या प्रश्नानं मला खूप मदत झालीय. जे लवकर संपतं ते तिथले नेहमीचे लोक काय खातात ते सांगून जातं. दोघांनी दोन वेगळे पदार्थ मागवून मध्ये ठेवा. आधी दोनच, मग हवं तर तिसरा. पोट भरल्याची जाणीव डोक्यापर्यंत यायला वीसेक मिनिटं लागतात, आणि एकदम पाच पदार्थ मागवले की ती वीस मिनिटं मिळतच नाहीत.

चवींचा क्रमही बघा. आहार-संशोधक बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 च्या सुमारास दाखवलं की जे आपण खात असतो त्याचीच गोडी आधी ओसरते, न खाल्लेल्या पदार्थाची तितकी नाही. पोट भरलेलं असतानाही गोडाला जागा निघते ती त्यामुळे. याचा फायदा करून घ्या. सकाळी गोड-लोणी असेल तर दुपारी आंबट-तिखट, रात्री रस्सा-सूपासारखं पातळ. सगळं एकाच प्रकारचं, म्हणजे चीज आणि पुन्हा चीज, किंवा तळलेलं आणि पुन्हा तळलेलं, असं लागोपाठ ठेवलं तर तिसरी जागा कितीही नावाजलेली असो, फिकी वाटते. तुमच्या पाच रेस्टॉरंटपैकी दोन एकाच धाटणीची असतील तर त्यातलं एक आत्ताच काढा. तिथलं पार्सल घेऊन ठेवू असं मनात आलं असेल तर तेही नको. शिजवलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुम्ही ते दिवसभर पाठीवरच्या पिशवीत घेऊन फिरणार. भाताचं तर मी फार सांभाळते. कोमट राहिलेल्या भातात बॅसिलस सेरिअस हा जिवाणू विष तयार करतो आणि ते पुन्हा गरम केल्यानं जात नाही.

बुफे असलेली जागा यादीत असेल तर गरम पदार्थातून वाफ येतेय का आणि थंड पदार्थ बर्फावर आहेत का, एवढं बघूनच वाढून घ्या. मधलं कोमट काही घेऊ नका.

जेवणानंतर गाडीत बसण्याऐवजी पुढच्या ठिकाणी चालत जा. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. जेवणानंतर हळू चाललं तरी रक्तातली साखर कमी चढते, आणि दुपारची गुंगी मला तरी त्यानंच टाळता येते. ठिकाणं निवडताना म्हणूनच एकमेकांपासून चालत जाण्याजोगी घ्या. शहराच्या दोन टोकांना असलेली दोन नावं एका दिवसात बसवू नका, अर्धा दिवस रस्त्यात जातो.

आता ॲलर्जी. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण तुमच्या प्रश्नात ती एका ओळीत आली, पण दिवस आखताना ती पहिली असायला हवी. माझ्या बहिणीलाही शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. आम्ही तिथल्या भाषेत एक चिठ्ठी छापून घेतो: ‘मला शेंगदाण्याची गंभीर ॲलर्जी आहे. शेंगदाणा, त्याचं तेल, त्याचं कूट किंवा ते लागलेलं भांडं, काहीच चालत नाही.’ भाषांतर त्या भाषेच्या जाणकाराकडून तपासून घ्या, नुसत्या ॲपवर भरवसा ठेवू नका. चिठ्ठी वेटरला दाखवून थांबू नका, ती किचनमध्ये पाठवा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. ‘बहुतेक नाही’ असं उत्तर आलं तर ते ‘आहे’ असंच समजा. तळणीचं तेल सगळ्या पदार्थांना एकच आहे का, हे विचारा. सॉस आणि चटणीसारख्या गोष्टींत दाणे दिसत नाहीत, पण असू शकतात. भाजल्यानं किंवा शिजवल्यानं ॲलर्जी आणणारा घटक जात नाही. बेकरीत एकाच चिमट्यानं सगळं उचलतात, म्हणून सकाळच्या कॅफेतही हे विचारायचंच. डॉक्टरांनी ॲड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं असेल तर ते नवऱ्याच्या खिशात हवं, हॉटेलच्या खोलीत नको. श्वास लागला, घसा किंवा जीभ सुजली, चक्कर आली तर आधी इंजेक्शन आणि लगेच तातडीच्या सेवेला फोन. ॲलर्जीची साधी गोळी त्याची जागा घेत नाही. तिथला तातडीचा नंबर आदल्या दिवशीच फोनमध्ये टाकून ठेवा.

या कसोटीवर तुमची यादी आणखी लहान होईल. होऊ द्या. जिथे फोनवर नीट उत्तर मिळालं त्या जागा ठेवा. ज्या किचनमधलं माणूस आपणहून दोन प्रश्न विचारतं, तिथे आम्ही आजवर निश्चिंत जेवलोय.

रात्रीचं सोपं आहे. साडेसात-आठला, खोलीपासून चालत दहा मिनिटांवर, आधी बुक न करता जाता येईल असं. काउंटरवर बसायला मिळत असेल तर तिथेच बसा, दोघांना जागा पटकन मिळते आणि समोर काम चाललेलं दिसतं. एक सूप, एक मुख्य पदार्थ, पुरे. रेस्टॉरंट हा शब्दच अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये अंगात ताकद आणणाऱ्या सूपावरून आलाय, आणि दिवसभर फिरून आल्यावर ते का सुचलं असेल हे मला दर वेळी पटतं.

बिल आलं की खालच्या ओळी वाचा. सर्व्हिस चार्ज आधीच धरलेला असेल तर वेगळी टिप द्यायची की नाही, ते त्यावर ठरवता येतं. कार्डाच्या मशिननं ‘तुमच्या चलनात की इथल्या?’ असं विचारलं तर इथल्या म्हणा. तुमच्या चलनात घेतलं की रूपांतराचा दर मशिनवाल्यांचा लागतो आणि तो बहुतेक महाग पडतो.

तर माझा क्रम असा: साडेनऊला पहिला कॅफे, सव्वाला मोठं जेवण, अडीच-पावणेतीनला दुसरा कॅफे, मग पाच-साडेपाचपर्यंत खाणं पूर्ण बंद आणि फिरणं, वाटलं तर एक गोड थांबा, आठला सूप. नऊ नावं, त्यांच्या शेवटच्या ऑर्डरच्या वेळा आणि ॲलर्जीबद्दल मिळालेली उत्तरं इथे लिहा. नकाशा समोर ठेवून कुठली पाच ठेवायची ते मी शुक्रवारच्या आत सांगते.