लायसनवाला घ्यावा की ओळखीचा वायरमन?

तुमचा प्रश्न असा आहे: डोंबिवलीतला १९८८ सालचा फ्लॅट, वायरिंग सगळं नव्याने करायचंय. एक लायसन असलेला कॉन्ट्रॅक्टर आहे, त्याचा दर बराच जास्त. दुसरा सासऱ्यांच्या ओळखीचा वायरमन, वीस वर्षं हेच काम करतोय, पण हातात कागद नाही. लायसन म्हणजे चांगल्या कामाची खात्री धरायची का?

खात्री धरू नका. आणि तरीही काम लायसनवाल्यालाच द्या. कारखान्याच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये माझी एकतीस वर्षं गेली, सुपरवायझरचं प्रमाणपत्र माझ्याकडेही आहे. त्या कागदावर काय असतं आणि काय नसतं, हे मी जवळून पाहिलंय.

आपल्याकडे कागद तीन प्रकारचे: वायरमनचा परवाना, सुपरवायझरचं प्रमाणपत्र आणि कॉन्ट्रॅक्टरचं लायसन. नियम म्हणतो की ग्राहकाच्या जागेतलं वायरिंग लायसन असलेल्या कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं, प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, आणि हात लावणाऱ्याकडेही परवाना हवा. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यापुरती काय ती सूट. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत हा ४५ वा नियम होता, २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही तोच आला. म्हणजे नियम करणाऱ्यांनीही एका कागदावर भिस्त ठेवलेली नाही. तीन माणसं कामावर हजर असतील, हे त्यांनी धरलंय. प्रत्यक्षात घरगुती कामावर यातलं कोण येतं, तिथेच सगळी गोम आहे.

सांगलीला बहिणीच्या घरी मी दिवाळीत गेलो होतो. घर नवं, काम लायसनवाल्याचं, टेस्ट रिपोर्ट फाइलला लावलेला. बहीण म्हणाली, गिझर लावला की नळाला हात लावल्यावर कधी कधी मुंग्या येतात. मेन बंद करून मी गिझरच्या सॉकेटचे दोन स्क्रू काढले. आत बोटभर हिरव्या वायरचा तुकडा होता, एक टोक न्यूट्रलला, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरला, दुसरं अर्थच्या, म्हणजे गळलेला करंट जमिनीत नेणाऱ्या वायरच्या पिनला. भिंतीतून आलेली खरी अर्थची वायर पाइपाच्या तोंडाशीच कापून सोडली होती.

हे किती भयंकर आहे ते सांगतो. अर्थ मिळाला का, हे बघायला बरेच वायरमन फेज (करंट आणणारी वायर) आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला बल्ब लावतात. लॅम्प पेटला की अर्थ आहे. इथे तो झकास पेटणार, कारण करंट न्यूट्रलमधून परत जातोय. पण त्याच सर्किटचा न्यूट्रल मागे कुठे ढिला झाला किंवा तुटला, की फेज गिझरच्या कॉइलमधून न्यूट्रलवर येतो आणि त्या बोटभर तुकड्यातून थेट गिझरच्या अंगावर. भाचा रोज सकाळी त्याच बाथरूममध्ये अंघोळ करत होता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

चौकशी केली तर कळलं, कॉन्ट्रॅक्टर सुरुवातीला एकदा येऊन गेला होता. काम केलं रोजंदारीवरच्या दोन पोरांनी, एकाला मिसरूडही फुटलं नव्हतं. त्या पोरांचा मला राग आला नाही. लॅम्प पेटला की झालं, एवढंच त्यांना कोणी सांगितलं असणार. राग आला तो न बघता सही करणाऱ्याचा.

आता दुसरी बाजू. आमच्या कारखान्यात एक वायरमन होते, सातवी शिकलेले, परवाना त्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही. पॅनेलसमोर उभे राहून एमसीबीच्या (लोड वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचच्या) अंगाला हाताची मागची बाजू लावायचे आणि कुठला स्क्रू ढिला आहे ते सांगायचे. ढिल्या जोडाशी उष्णता धरते, ती त्यांना कळायची. दोन वर्षांची आयटीआय करून आलेल्या मुलांना मी मुद्दाम त्यांच्या हाताखाली द्यायचो. मुलांना थिअरी चांगली यायची, पण जुन्या इमारतीतला गंजलेला पाइप त्यांनी कधी उघडलेला नसायचा. तेव्हा तुमच्या सासऱ्यांच्या माणसाचा हात उत्तम असू शकतो, यात मला शंका नाही. पण उद्या काही झालं, तर जबाबदार धरायला कोणी नसेल. लायसनचा उपयोग मुख्यतः तेवढा आहे: सही कोणाची, हे माहीत असतं, आणि त्या सहीच्या जोरावर तुम्ही कामाची तपासणी मागू शकता. ती मागाच.

दर ठरवण्याआधी कॉन्ट्रॅक्टरला विचारा, काम प्रत्यक्ष कोण करणार आणि त्याच्याकडे परवाना आहे का. दुसरा प्रश्न त्या करणाऱ्यालाच विचारा: आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळायला लागला की पुरवठा तोडणारा स्विच, लावल्यावर तो सारखा पडायला लागला तर काय करणार? "बायपास करून देतो" म्हणाला, तर नमस्कार करून मोकळे व्हा. जाणता माणूस म्हणेल, एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्यात मिसळलाय का बघतो, न्यूट्रल आणि अर्थ कुठे चिकटलेत का शोधतो. या एका उत्तरात त्याचा वकूब कळतो.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचाच घ्या. त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडला म्हणजे अर्थ ठीक आहे, असं समजू नका; ते बटण अर्थ नसतानाही चालतं. प्रत्येक सॉकेटवर त्यांना तुमच्यासमोर फेज आणि अर्थमध्ये लॅम्प लावायला सांगा, स्वतः करू नका. आरसीसीबी पडला पाहिजे. लॅम्प शांतपणे पेटत राहिला, तर सांगलीसारखाच प्रकार समजा आणि ते सॉकेट तिथल्या तिथे उघडायला लावा.

शेवटी मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर. ५०० व्होल्टला एक मिनिट, वायर आणि अर्थमध्ये निदान १ मेगओहम यायला हवा. नव्या वायरिंगला याच्या कितीतरी पट येतो. आकडा टेस्ट रिपोर्टवर लिहून घ्या आणि निदान पाचवा हिस्सा पैसे तोवर हातात ठेवा. वायरीसाठी भिंतीत खोदलेल्या झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा. गिझर आणि एसीला ४ स्क्वेअर मिलिमीटरची वायर, पॉवर पॉइंटला अडीच, दिव्यांना दीड, हे कोटेशनमध्येच येऊ द्या.

आणि या दोघांपैकी कोणाशीही पुढे बोलण्याआधी सोसायटीच्या मीटर रूममध्ये एकदा जाऊन या. तेवढ्या जुन्या इमारतींत अर्थची पट्टी खालीच गंजून तुटलेली मी अनेकदा पाहिली आहे. तशी असेल तर वर तुमच्या घरात कितीही नव्या हिरव्या वायरी ओढल्या तरी त्या कशालाच जोडलेल्या नसतील, आणि ती दुरुस्ती सोसायटीकडून आधी करून घ्यावी लागेल.