पन्नास मीटरवर लेकीचे मार्क का घसरले?

प्रश्न : ताई, माझी लेक तीन वर्षं १० मीटर एअर रायफल मारतेय, मार्क छान पडायचे. जूनपासून ५० मीटर थ्री पोझिशन (नीलिंग म्हणजे गुडघ्यावर, प्रोन म्हणजे पालथं पडून, स्टँडिंग म्हणजे उभं राहून) सुरू केलं आणि स्कोअर धाडकन खाली आला. अंतर पाचपट म्हणजे अवघडपण पण पाचपट, असंच असतं का? ती फार हिरमुसलीये. – एक पालक, सांगली

उत्तर : दादा, आधी लेकीला सांगा की तिचा हात बिघडलेला नाही. पाचपट वगैरे हिशोब इथे लागूच होत नाही, कारण अंतर वाढतं तसं टार्गेटही मोठं होत जातं. १० मीटरच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्धा मिमीचा असतो, ५० मीटरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिमी आणि ३०० मीटरचं सरळ १०० मिमी. त्यात छर्रा किंवा गोळी नुसती कडेला चाटून गेली तरी दहा मिळतात, म्हणजे गोळीच्या मध्याला जागा थोडी जास्तच मिळते. आता ही तिन्ही टार्गेटं त्याच प्रमाणात लहान करून मनातल्या मनात १० मीटरवर आणून ठेवा, तर दहा मिळवायला एअर रायफलला साधारण ५ मिमी जागा आहे, ५० मीटरला ३.२ आणि ३०० मीटरला साडेतीनच्या आसपास. म्हणजे नेम धरायच्या बाबतीत ५० मीटर दीडपट कडक आहे, आणि ३०० मीटर तर ५० पेक्षा किंचित सैलच! मला स्वतःला हे पहिल्यांदा कागदावर मांडल्यावर खरं वाटलं नव्हतं, मी दोनदा गुणाकार तपासला होता.

मग खरा फरक कुठे पडतो? वेळेत. एअर रायफलचा छर्रा सेकंदाला १७०-१७५ मीटरने निघतो आणि बंद हॉलमध्ये ०.०६ सेकंदात कागदावर पोचतो, तेवढ्यात दीड-दोन सेंटीमीटर खाली येतो, बस. ५० मीटरला वापरतात ती पॉइंट टू टूची (.२२ इंच जाडीची) मॅच गोळी साधारण ३३० मीटरने निघते, ५० मीटरला तिला ०.१६ सेकंद लागतात आणि ती १२ सेंटीमीटर पडते. हे पडणं रायफलच्या साइटवर (नेम धरायच्या भागावर) एकदा सेट केलं की संपलं, ते दर वेळी सारखंच असतं. पण गोळ्यांच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा जरी फरक असला तरी वर-खाली सात मिमी सरकतं, आणि तिथल्या टार्गेटवरची एक रिंग आहे ८ मिमी रुंद, म्हणून शूटर लोक गोळ्यांचे लॉट (एकत्र बनलेल्या गोळ्यांचे गट) टेस्ट करून घेतात, तो काही हौसेचा खर्च नाही.

आणि वारा! तो मात्र दर शॉटला वेगळा. आडवा वारा सेकंदाला एक मीटर, म्हणजे अंगाला जेमतेम जाणवेल इतका, तरी ५० मीटरवर गोळी पाच-सहा मिमी ढकलतो. लेकीने तीन वर्षं ज्या हॉलमध्ये मारलं तिथे हा प्रकारच नव्हता हो. ५० मीटरच्या रेंजवर १० आणि ३० मीटरवर छोट्या कापडी झेंड्या लावलेल्या असतात. तिला म्हणावं एक दिवस प्रोनमध्ये पडून गोळी न मारता अर्धा तास नुसत्या त्या झेंड्या बघ. ३० मीटरची डावीकडे फडफडतेय आणि १० मीटरची मेल्यासारखी लोंबतेय, असं किती वेळा होतं ते दिसेल. जवळच्या झेंडीकडे जास्त लक्ष द्यायचं, कारण सुरुवातीलाच वाकडी झालेली गोळी पुढचा सगळा रस्ता वाकडीच जाते. अजून एक, आपल्या नेहमीच्या उजव्या पिळाच्या (म्हणजे गोळीला उजवीकडे फिरवणाऱ्या) बॅरलला उजवीकडून वारा आला की गोळी डावीकडे आणि थोडी वर जाते, डावीकडून आला की उजवीकडे आणि खाली. तिचे शॉट असे तिरके पसरले असतील तर तो वाराच आहे, ट्रिगर नाही, उगाच ट्रिगरला दोष देऊन हात बिघडवू नका.

त्यात थ्री पोझिशन म्हणजे नीलिंग, प्रोन, स्टँडिंग, तिन्हीत शरीर वेगळं बसतं, चार-सहा महिन्यांत तिन्ही बसत नाहीत. राधानगरीच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिसला १ ऑगस्ट २०२४ ला याच प्रकारात ४५१.४ करून ब्राँझ घेऊन आला, क्वालिफिकेशनला ६०० पैकी ५९० होते. आणि कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली. सांगलीपासून दोघांची गावं काय लांब आहेत, लेकीला दाखवा.

प्रश्न : इंग्लंडमध्ये बिस्लीला हजार यार्डावर दुर्बिणीशिवाय नेम मारतात म्हणे, ते कसं जमतं? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : हो, तिथल्या किंग्ज प्राइझ या रायफल स्पर्धेची फायनल ९०० आणि १००० यार्डावर असते आणि रायफलवर दुर्बीण नसते, बारीक भोकाची साइट असते. टार्गेट मोठं असल्यामुळे काळा गोल दिसतो, दिसणं हा तिथला मोठा प्रश्नच नाही. गोळीला तिथे पोचायला दीड सेकंदाच्या आसपास लागतो, आणि अंतर दुप्पट झालं की वाऱ्याने सरकणं दुप्पट नाही तर साधारण चौपट होतं, कारण गोळीचा वेग वाटेत मरत जातो. म्हणून ते लोक बाजूला स्टँडवर दुर्बीण लावून मृगजळ बघतात, तापलेल्या जमिनीवरची हवा कुठल्या बाजूला वाहतेय ते त्यात दिसतं. लाटा तिरक्या पळत असतील तर वारा आडवा, आणि सरळ वर उकळल्यासारख्या दिसल्या तर वारा जवळजवळ थांबलाय किंवा दिशा बदलायच्या बेतात आहे, अशा वेळी जुने शूटर बोट ट्रिगरवरून काढून थांबतात.