पक्ष्याआधी उजेड गाठ

चिरंजीव छायाचित्रकार मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो मोबाइलवर बघितले, मग खिडक्यांचे पडदे ओढून मोठ्या स्क्रीनवर पुन्हा बघितले. फोकस पक्का आहे. खंड्याच्या चोचीवरचा थेंबसुद्धा मोजता येतो. पण सगळे फोटो एका ओळीत लावले तर हा पक्षी कवडीपाटचा की भरतपूरचा, सकाळचा की दुपारचा, थंडीतला की उन्हाळ्यातला, काही म्हणता काही कळत नाही. मागे सगळीकडे तोच हिरवट धूसरपणा. पासपोर्टच्या फोटोंसारखे झालेत ते. आणि पत्राच्या शेवटी विचारतेस, सहाशे मिलिमीटरची, लांबचा पक्षी जवळ दाखवणारी लेन्स घेऊ का?

नको घेऊस. निदान या हिवाळ्यात तरी नको. सहाशे हातात आली की पक्षी आणखी मोठा होईल, आणि फ्रेममध्ये जी थोडीफार जागा उरली आहे तीही जाईल. तुझ्याकडची शंभर-चारशेची लेन्स पुष्कळ आहे.

मी तुला उलट्या क्रमाने काम करायला सांगणार आहे. आधी उजेड कुठून येतोय ते बघ, मग त्या उजेडात चांगली दिसणारी जागा शोध, फ्रेम ठरव, आणि मग पक्षी तिथे येईपर्यंत बसून राहा. पक्षी येतो का? बरेचदा येतो. वेडा राघू माशी पकडून पुन्हा त्याच काटकीवर येऊन बसतो. खंड्याची पाण्यावर झुकलेली फांदी ठरलेली असते. एखादा पक्षी दोनदा एकाच ठिकाणी बसलेला दिसला की त्याचा पाठलाग सोड आणि तिसऱ्या वेळेची तयारी कर.

भिगवणचंच घे, कारण तू तिथे जाणारच आहेस. जाण्याआधी पक्ष्यांची यादी वाचू नकोस, उजनी धरण किती टक्के भरलंय ते वाच. सोलापूरच्या वर्तमानपत्रांत ते रोज येतं. धरण गच्च भरलेलं असेल तर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, फारसे दिसायचे नाहीत. पाणी उतरून चिखलाचे पट्टे उघडे पडले, उथळ पाणी पसरलं, की त्यांना डोकं उलटं करून चोचीतून पाणी गाळत चरता येतं. म्हणजे तुझी फ्रेमही पाण्याच्या पातळीवर ठरते. भरलेल्या धरणात मागे नुसतं करडं पाणी, उतरलेल्या धरणात पाणी, चिखल, गवताची कड, पलीकडचा ऊस आणि मधूनच एखादी मासेमारीची होडी. ती होडी फ्रेममधून हाकलू नकोस. भिगवण धरणाच्या पाण्यावर वसलेलं आहे, जाळी टाकणारी माणसं आणि रोहित तिथे एकाच पाण्यावर जगतात.

जानेवारीत तिकडे सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. तू साडेसहाला होडीत असायला हवंस. सूर्य वर येण्याआधीचा निळसर उजेड लोक चहात घालवतात. त्या वेळी पाण्यावर धुकं असतं, रंग जवळजवळ नसतात, आणि रोहितांच्या मानांची वळणं तेवढी उरतात. अशा वेळी पक्षी काळा पडू दे, पण दोन माना एकमेकींवर चढलेल्या नकोत. सावलीचित्रात दोन पक्षी चिकटले की कोणाची मान कोणाची ते कळत नाही. सूर्य वर आला की साधारण तासभर तुझा. चक्रवाकांचा केशरी रंग त्या वेळी जसा पेटतो तसा दिवसभरात पुन्हा पेटत नाही. पुढे ऊन पांढरं होत जातं, आणि नऊ-साडेनऊनंतर चिखलावरची हवा थरथरायला लागते. लांबची लेन्स ती थरथर आणखी मोठी करून दाखवते. दुपारी लोक ‘फोकस गेला’ म्हणून कॅमेरा दुरुस्तीला देतात, बिघाड हवेत असतो.

आता मुख्य गोष्ट. रोहित उभा असताना फिकट गुलाबी-पांढरा दिसतो. पंखांतला लाल आणि काळा रंग पंख उघडल्यावरच दिसतो. म्हणून बरेचजण नावाड्याला थव्यात होडी घालायला लावतात. तू हे कधीही करू नकोस, आणि सोबतच्या कोणी सांगितलं तर नावाड्याच्या आधी तू नाही म्हण. त्याला गिऱ्हाइकाला नाही म्हणणं जड जातं. थव्याकडे नीट बघत राहिलीस तर तुला आधीच कळेल: खाली असलेल्या माना एकामागून एक वर यायला लागतात, चरणं थांबतं, सगळा थवा एका दिशेला चालू लागतो. पहिल्या दोन-चार माना वर आल्या की होडी तिथेच थांबव. पाच-दहा मिनिटांत त्या परत खाली जातील. आणि लाल रंग हवा असेल तर थांब. रोहित उभ्या उभ्या पंख ताणतात, कधी थव्यातले बरेचजण एकदम पंख फाकवून सलामी दिल्यासारखे उभे राहतात. तो फोटो घाबरून उडालेल्या थव्याच्या फोटोपेक्षा कितीतरी सरस असतो, कारण पक्षी तुझ्याकडे पाठ करून पळत नसतात.

उडतानाचा फोटो हवाच असेल तर वारा बघ. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उडतो आणि उतरतोही तसाच. रोहिताला तर उडण्याआधी पाण्यावरून धावावं लागतं, तेही वाऱ्याकडे तोंड करून. म्हणजे वारा आणि सूर्य दोन्ही तुझ्या पाठीशी असतील तेव्हा पक्षी तुझ्या बाजूला तोंड करून येईल आणि त्याच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका असेल. हे दोन्ही जुळत नसेल त्या दिवशी उजेडाच्या विरुद्ध बाजूने काम कर, पिसांची कड सोनेरी होईल तेवढं पुरे.

तांत्रिक बाबी तुला येतात, एकच सांगतो. काळसर पाण्यापुढे पांढरा बगळा असला की कॅमेरा फसतो आणि बगळ्याची पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरी होऊन जातात. एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप खाली घे. धुक्यात सूर्य समोर असताना याच्या उलट.

उंचीचं मात्र मनावर घे. तुझे जवळजवळ सगळे फोटो उभं राहून काढलेले आहेत, त्यामुळे मागे चिखलच येतो. शेकाट्या पक्ष्याच्या डोळ्याच्या रेषेत लेन्स आण, पोटावर झोप, मागची कड आपोआप लांब जाते. नांदूर मध्यमेश्वर अभयारण्यातल्या मनोऱ्यांवरून पक्षी मोजायला छान, फोटोला मी खाली उतरतो.

सासवड-जेजुरीच्या बाजूच्या माळांवर हिवाळ्यात संध्याकाळी भोवत्या हा शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून फिरतो. तिथे ऊन आडवं येऊ दे, गवताच्या तुऱ्यांतून. पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवू नकोस. ताम्हिणीत ढगांखालचा उजेड इतका मऊ असतो की शीळकरी कस्तुराच्या काळ्या अंगातली निळाई तेव्हाच दिसते. शटरचा वेग कमी लागेल, तिवई ने.

घरट्याजवळ जाऊ नकोस. 1972 च्या वन्यजीव कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच अंडी आणि घरटी विस्कळीत करणं येतं, पण कायदा नसता तरी हेच सांगितलं असतं. मोबाइलवर आवाज लावून नवरंग पक्ष्याला बोलावणंही नको. विणीच्या दिवसांत तो हद्द राखायला धावत येतो, तुझ्यासाठी नाही. आणि किडे ठेवून, फांदी रोवून तयार केलेल्या जागा असतात ना, तिथे शिकायला एकदा जा. मग बघ, तीच शेवाळलेली फांदी किती जणांच्या फोटोंत आहे. घरी आल्यावर पक्ष्यापुढची आडवी काडीही खोडू नकोस. ती आवडत नसेल तर पुढच्या वेळी अर्धा फूट डावीकडे बस.

फेब्रुवारीच्या शेवटी मला दहा फोटो पाठव. पक्षी फ्रेमच्या दहाव्या भागाहून मोठा नको, क्रॉप नको, आणि प्रत्येकाखाली वेळ व वाऱ्याची दिशा लिही. लेन्सचे पैसे वाचलेत त्यातून एक जाड चटई घे आणि नावाड्याला दोन फेऱ्यांचं भाडं आगाऊ देऊन ठेव, म्हणजे तास संपला म्हणून तो ऐन उजेडात होडी वळवणार नाही.

तुझा,
काका