नैवेद्याआधीचा मोदक आणि नातवाचे भविष्य

प्रश्न : माझा साडेचार वर्षांचा नातू नैवेद्य दाखवेपर्यंतही थांबत नाही, मोदक उचलतोच. समोरचा खाऊ न खाता थांबणारी मुले पुढे अभ्यासात यशस्वी होतात, हे विद्यापीठीय संशोधनाने सिद्ध झाल्याचे बालवाडीच्या पालकसभेत सांगण्यात आले. यात कितपत तथ्य आहे?
– एक आजी, गिरगाव, मुंबई

उत्तर : आजी, जे सांगितले गेले ते अर्धवट आहे. मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत हे प्रयोग सुरू केले. मुलासमोर खाऊ ठेवून ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर जास्त मिळेल’ असे सांगितले जाई. अधिक वेळ थांबलेल्या मुलांना पुढे महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षेत अधिक गुण मिळाल्याचे १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु ही मुले मुख्यतः त्या विद्यापीठाशी संबंधित घरांतली होती आणि ज्यांचे गुण हाती आले, ती संख्येनेही थोडीच होती.

टायलर वॉट्स, ग्रेग डंकन आणि हाओनान क्वान यांनी २०१८ मध्ये नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा थांबण्याचा आणि पंधराव्या वर्षीच्या शैक्षणिक प्रगतीचा संबंध पूर्वीच्या निम्माच आढळला. आणि घरची परिस्थिती व मुलाची आधीची बौद्धिक तयारी हिशेबात घेतल्यावर त्यातलाही सुमारे दोन-तृतीयांश भाग उरला नाही.

मला मात्र रॉचेस्टर विद्यापीठातील, २०१३ मध्ये प्रकाशित झालेला प्रयोग आपल्यासाठी अधिक मोलाचा वाटतो, जरी त्यात मुले अवघी २८ होती. तेथे खाऊ देण्यापूर्वी मोठ्या माणसाने मुलांना चित्रकलेचे चांगले साहित्य आणून देण्याचे कबूल केले. निम्म्या मुलांच्या बाबतीत ते वचन पाळले आणि उरलेल्यांना ‘साहित्य नाही’ असे सांगितले. त्यानंतर खाऊसाठी पहिला गट सरासरी १२ मिनिटे थांबला, तर दुसरा केवळ ३. ज्याचा शब्द एकदा फिरला आहे त्याच्या भरवशावर न थांबणे हा मुलाचा उतावळेपणा नसून त्याने केलेला रास्त हिशेब असू शकतो.

तेव्हा नातवाच्या भविष्याची चिंता या एका गोष्टीवरून करू नका. आरती चालू असताना साडेचार वर्षांच्या मुलाला मोदकाचा मोह होणे स्वाभाविक आहे. ‘तुझ्यासाठी दोन बाजूला काढून ठेवते’ असे त्याला सांगणार असाल, तर दर्शनाला आलेले पाहुणे कितीही वाढले तरी ते दोन मोदक त्याच्याच ताटात पडू द्या.