64 जीबी की 32? आधी पैसे कोणाचे ते पाहू

प्रश्न : समारंभांचे फोटो काढणं हा माझा पूर्णवेळ व्यवसाय आहे. कॅमेरा 45 मेगापिक्सेलचा, लॅपटॉप जुना, 8 जीबी रॅमचा. एडिटिंग करताना सारखा अडकतो. 32 जीबीवाल्या नव्या लॅपटॉपची किंमत 100 धरली, तर 64 जीबी आणि वरच्या ग्राफिक्स कार्डवाल्याची 170 होते. हाताशी 100 आहेत, त्यातले 60 येत्या हंगामाच्या बुकिंगचे अ‍ॅडव्हान्स. उरलेल्या 70 साठी विक्रेता 12 टक्के फ्लॅट व्याजाने 24 हप्ते करून देतोय. त्यातच 12 चा प्रोटेक्शन प्लॅनही बसवतोय. काम वेगाने झालं की बुकिंग दीडपट होईल. कोणता घेऊ?

उत्तर : 32 जीबीवाला. पण आज तोही नको.

यंत्राचं आधी उरकतो. तुमच्या कॅमेऱ्याचा फोटो 16 बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या जास्त बारकाव्यांसह उघडला की एक लेयर, म्हणजे फोटोवरचा एक थर, सुमारे 270 एमबी मेमरी खातो. असे दहा लेयर म्हणजे पावणेतीन जीबी. सॉफ्टवेअर, ब्राउझर, मागे जाण्यासाठी जपलेली बदलांची हिस्टरी सगळं धरूनही 32 जीबी पुरतात. एआयने नॉइज, म्हणजे फोटोतला दाणेदारपणा, काढायला ग्राफिक्स कार्ड लागतं, पण 8 जीबी मेमरीचं मधलं कार्ड ते करतं. पैसे घालायचेच तर स्क्रीनवर घाला. एसआरजीबी, म्हणजे स्क्रीनसाठीचा रंगांचा प्रमाणित संच, पूर्ण 100 टक्के दाखवणारी हवी. स्वस्त स्क्रीन जेमतेम 60-65 टक्के दाखवते, आणि तिच्यावर जुळवलेला त्वचेचा रंग छापून आला की वेगळाच दिसतो.

आता कर्ज. 70 अधिक प्लॅनचे 12, झाले 82. त्यावर दोन वर्षांचं व्याज साधारण 20. म्हणजे फेडायचे 102, महिन्याला सव्वाचार. फ्लॅट व्याजात अर्धं कर्ज फिटलं तरी व्याज मूळ 82 वरच चालू राहतं. घटत्या शिलकेवर मोजलं तर हाच दर 21-22 टक्के पडतो. हे 12 टक्के म्हणून विकतात याची मला चीड येते. हाताशी असलेले 100 धरून एकूण गेले 202. तेवढ्यात 32 जीबीचे दोन लॅपटॉप आले असते. प्रोटेक्शन प्लॅनच्या छापील अटी वाचल्यात का? चोरी, फुटलेली स्क्रीन, उतरलेली बॅटरी यातलं काय वगळलंय हे लेखी मिळेपर्यंत त्यावर सही करू नका. कर्ज काढून तर तो घेऊच नका.

तुम्ही न विचारलेली गोष्ट मला सर्वांत जास्त खटकली. ते 60 तुमचे नाहीत. कार्यक्रम होऊन फोटो हाती पडेपर्यंत ते ग्राहकाचे आहेत. त्यातूनच जोडीच्या फोटोग्राफरचे पैसे जायचेत, प्रवास व्हायचाय, अल्बम छापायचेत. दोन कार्यक्रम रद्द झाले आणि लोकांनी पैसे परत मागितले तर लॅपटॉप विकून देणार का? अ‍ॅडव्हान्स आजच वेगळ्या खात्यात टाका. काम पोचतं केलं की तेवढीच रक्कम आपल्या खात्यात घ्या.

आणि बुकिंग दीडपट कशाने होणार? ग्राहक तुमचे फोटो आणि मोकळी तारीख पाहून येतो. रॅम वाढली म्हणून हंगामातल्या तारखा वाढत नाहीत. तुमच्या रात्री वाचतील, त्याचं मोल आहेच, पण त्या रात्री हप्ता भरणार नाहीत.

उरले तुमचे 40. एखादं जड काम उघडा, अनेक फोटोंचा एक रुंद पॅनोरमा जोडायला लावा आणि मेमरी, डिस्क किती वापरात आहे ते दाखवणारा विंडोजमधला टास्क मॅनेजर पाहा. मेमरी भरलेली आणि डिस्क 100 टक्क्यांवर दिसली तर अडचण रॅमची आहे. तुमच्या मॉडेलची रॅम बदलता येते का, किती वाढते, हे दुरुस्तीवाल्याला विचारा. येत असेल तर तेवढी वाढवून हंगाम काढा, खर्च नव्या लॅपटॉपच्या मानाने किरकोळ आहे. रॅम बोर्डवरच जोडलेली असेल तर फायली एका वेळी थोड्याच उघडा, प्रीव्ह्यू रात्री तयार करायला लावा आणि तीन-चार महिने कळ काढा.

आपल्या कमाईचे 110 साठले की 32 जीबीवाला रोखीने घ्या. वरच्या 10 मध्ये फोटोंच्या जादा प्रती ठेवायला दोन बाहेरून जोडायच्या डिस्क घ्या आणि एक घराबाहेर ठेवा.